एका रायफलीचं गुऱ्हाळ

१४ मार्च, सोमवार

विकली. रायफल विकली या माणसानं! कोकरं यायला तीन आठवडे राहिलेत, टेकडीमागे रोज पहाटे कायोट्यांची कोल्हेकुई, आणि आर्विडनं घरातली एकुलती एक कामाची रायफल पलीकडच्या तालुक्यातल्या कुणाला तरी देऊन टाकली. मला कळलं कधी? तर कपाटातली खुंटी रिकामी दिसली तेव्हा.

"नळी झिजली होती," म्हणे. सत्तावीस वर्षं झिजली नाही ती, आणि नेमकी आत्ता झिजली.

"शिवाय ती ३०-०६ होती, डेला. कायोटीवर झाडली की नुसत्या चिंध्या. कातडं हाती लागत नाही."

म्हटलं, "मला कातडी कुठे हवीत? मला कोकरं हवीत."

तो बाही दुमडत बसला. मग म्हणाला, आता एकच रायफल घ्यायची. बिळं करणाऱ्या गोफरला चालेल, कायोटीला चालेल, शरदात हरणालाही चालेल अशी. कॅलिबर, म्हणजे काडतुसाचं माप, नीट विचार करून ठरवायचं.

नीट विचार करून — या माणसाला नवी बादली घ्यायला दोन महिने लागतात.

१५ मार्च, मंगळवार

फ्लोराच्या कानाची जखम भरली. कान मात्र अर्धाच राहिला. "तारेत अडकली," म्हणाला होता आर्विड. चार वर्षं त्याच तारांखालून ये-जा करणारी कुत्री! मेंढ्यांची राखण करायची सोडून तारांशी कसली कुस्ती खेळत होती कोण जाणे.

२० मार्च, रविवार

प्रवचन वीस मिनिटं, चर्चच्या तळघरातली कॉफी दीड तास. आणि त्या दीड तासात फक्त कॅलिबर.

हाल्वर भावोजी, म्हणजे आर्विडचा धाकटा भाऊ, आमच्या कुंपणापलीकडेच राहतात, त्यांचा जीव २२-२५० वर. "वहिनी, गोळी अशी सरळ जाते, अशी सरळ, की तीनशे यार्डांवर नेम वर धरायचीसुद्धा गरज नाही." डेल्मार बंदूकवाला म्हणतो, नळी किती लवकर जळते ते पण सांग की. डेल्मारचं दुकान धान्याच्या कोठाराच्या मागे, त्याला सगळ्यांच्या नळ्या आतून माहीत. त्याचं मत २४३. पाद्रीबुवासुद्धा मध्ये पडले, त्यांची २७० आहे.

मी विचारलं, २२-२५० मधला अडीचशे कशाचा? तिघांनी तीन उत्तरं दिली.

कुणाचा गुडघा बदलला, कुणाची बायको महिनाभर माहेरी आहे, कुणाला छातीत कळ आली — ते कुणी विचारत नाही. आमच्याकडच्या पुरुषांना तसलं विचारता येत नाही. रायफलीबद्दल विचारतात. चर्चमधल्या ओर्लाफचा मुलगा गेला तेव्हासुद्धा हे सगळे त्याच्याभोवती उभे राहून काडतुसांच्या वजनाबद्दल बोलत होते. मी बशा विसळत ऐकलं होतं ते.

आर्विड सगळ्यांचं ऐकतोय, मान डोलावतोय. निर्णय शून्य. दोन केक खाल्ले आणि परत. येताना गाडी मी चालवली — क्लच दाबला की त्याचा गुडघा दुखतो म्हणे. मला दुखत नाहीत जसे काही.

२४ मार्च, गुरुवार

ग्रेतानं नाताळात ही वही दिली ती पाऊस आणि कोकरांच्या नोंदीसाठी. लेकीला सांगायला हवं, तुझ्या वहीत आईनं बंदुका भरल्यात.

आजपासून नवीन छळ. सकाळी अंडी टाकली की हा कॅटलॉग माझ्यापुढे सरकवतो. "वाच जरा तो तक्ता."

"तूच वाच की."

"हल्ली फार बारीक छापतात."

"चष्मा बदल."

"बदलला. वाच."

म्हणून वाचते. शंभर यार्डांवर किती, दोनशेवर किती, तीनशेवर गोळी किती खाली पडते, वारा ताशी दहा मैल असला तर किती बाजूला सरकते. इथे दहा मैलांचा वारा असतो कधी? दहा मैल म्हणजे आमच्याकडे वारा पडलाय म्हणतात. हे म्हटलं तर खूश झाला. "बरोबर! म्हणूनच २२३ नको. हलकी गोळी, वारा उचलून नेतो. गोफरला ठीक, पुढे नाही."

मग सोड ना २२३! नाही सोडत. उद्या पुन्हा वाचायचं म्हणे, नीट लक्षात राहायला हवं. कुणाच्या?

२७ मार्च, रविवार

तळघर. कॉफी. तेच गुऱ्हाळ. घरी येऊन डोकं धरून बसले.

३ एप्रिल, ईस्टर

पहिली जुळी. दोन्ही उभी राहिली. देवा, आता तरी याला बुद्धी दे.

७ एप्रिल, गुरुवार

ओढ्याकाठी दोन कोकरं गेली. पहाटे. मानेला धरून नेलीत, तीच पद्धत. ठसे बघितले, एक मोठी मादी असावी. दुपारी दिसलीच — वरच्या कुंपणाशी बसली होती, वाळक्या गवतासारखी फिकट, जणू घर भाड्यानं घ्यायला आलीय. शंभर यार्डांवर. मी काय केलं? भांडं वाजवलं. पळाली पण नाही, उठून चालत गेली.

एकतीस वर्षं या माणसाच्या घरात आहे, आणि आज कायोटीला हाकलायला पातेलं वाजवलं.

जेवताना बोलले ते सगळं इथे लिहीत नाही. तो खाली मान घालून म्हणाला, "लवकरच ठरवू." बशीत न बघता काटा मारत होता, वाटाणे टेबलभर. तेही मीच गोळा केले.

९ एप्रिल, शनिवार

लेफ्से, बटाट्याच्या पोळ्या, लाटत होते. पीठ कोपरापर्यंत. हा आला शिवणाची टेप घेऊन. "हात काटकोनात धर."

"का?"

"धर तर."

कोपराच्या खळीपासून बोटाच्या पेरापर्यंत मापलं. टेप पार नाकाशी धरून आकडा बघितला. मग पुन्हा मापलं. मी विचारलं हे काय चाललंय, तर म्हणे खालच्या फाटकाची कडी तुझ्या हाताला येईल अशी बसवतो. चला, एक तरी काम होणार. दोन वर्षं मागतेय ती कडी!

११ एप्रिल, सोमवार

आणखी एक कोकरू. सरकारी फासेवाला बुधवारी येतो, त्याचा सापळा तीनदा रिकामा. ती मादी सापळ्याशेजारी मुतून जाते, तो स्वतः म्हणाला. कौतुकानं.

हाल्वर भावोजींना म्हटलं, तुम्ही तरी या. ते दोन दिवस पहाटे येऊन बसले. त्या दोन्ही दिवशी मादी आली नाही. ते गेले आणि तिसऱ्या दिवशी आली. त्यांची स्वतःची सातशे मेंढरं विताहेत, रोज कसे येणार?

१७ एप्रिल, रविवार

फाटकाची कडी जिथल्या तिथे.

चर्चनंतर सगळे भावोजींच्या कुरणात. डेल्मारनं तीन रायफली आणलेल्या, एकेक झाडून बघायला. मी सँडविचं घेऊन गेले होते. तेवढ्यापुरती. आर्विडनं दोन गोळ्या झाडल्या आणि रायफल माझ्या हातात दिली. "माझा खांदा धरलाय. तू मार."

"मी? मी आयुष्यात एक स्कंक मारलाय, तोही शेडमध्ये कोंडलेला!"

"म्हणूनच. नवख्या माणसाचं मत खरं असतं."

काय तर्कशास्त्र आहे. पण सगळे बघत होते, म्हणून आडवी पडले. २२३ — बाळासारखी. धक्का नावालाच. वाऱ्यानं गोळी कुठे गेली देव जाणे, गोफर बिळाशी उभा राहून माझ्याकडे बघतच होता. २२-२५० — आवाज कानठळ्या बसवणारा, पण लागली. दुसराही लागला. मग नळी एवढी तापली की डेल्मार म्हणाला आता थांबा. भावोजींचा चेहरा पडला. शेवटी २४३. खांद्याला एक थाप, बस. गोफर उडाला. त्यामागचाही.

आर्विड मागे दुर्बीण घेऊन उभा. प्रत्येक वेळी विचारतो, "कुठे लागली?"

"अरे, तुझ्या हातात दुर्बीण आहे ना!"

"ऊन डोळ्यांवर येतंय. सांग."

ऊन आमच्या पाठीवर होतं. मी सांगितलं — डावीकडे, चार बोटं खाली. "मग श्वास सोडल्यावर चाप ओढ. ओढू नकोस, दाब." स्वतः काही करायचं नाही, दुसऱ्याला शिकवायचं. पण एक कबूल करते, कारण इथे कोण वाचतंय — मजा आली. थोडीशी.

परत आलो तर फ्लोरा पिकअपखाली. कायोट्यांवर एकटी धावून जाणारी कुत्री, पण हल्ली रायफल दिसली की तिथून हलत नाही. आर्विडनं हाक मारली तरी आली नाही. मी मारली तेव्हा आली.

२० एप्रिल, बुधवार

एकूण सहा कोकरं.

कसल्याशा कागदावर सही घेतली माझी. "लोकरीचा आहे," म्हणाला. मी बाटलीनं कोकरू पाजत होते, एका हातानं केली सही. घे बाबा, सहीसुद्धा घे.

२४ एप्रिल, रविवार

आज तळघरात मी बोलले!

झालं असं. भावोजी पुन्हा सुरू झाले, सरळ जाते, सपाट जाते. मग कुणीतरी म्हणालं, त्यापेक्षा मोठी घ्या, पुन्हा ३०-०६ घ्या, हरणच काय एल्कसुद्धा पडतो. डेल्मार काही बोलणार तेवढ्यात आर्विडनं त्याला थांबवलं आणि माझ्याकडे वळून विचारलं, सगळ्यांसमोर, "तुझं काय मत?"

म्हणजे मी कॉफीची किटली घेऊन उभी, आणि माझं मत!

मग सुटलेच. किटली ठेवली खाली. म्हटलं, ऐका. २२३ ला आमचा वारा झेपत नाही आणि ती हरणावर झाडायला मला लाज वाटेल, जखमी होऊन पळेल बिचारं. २२-२५० छान आहे, भावोजी, पण दहा गोळ्यांत शेगडी होते, आणि हरणाला तीही हलकीच. ३०-०६ पुन्हा घ्यायची तर विकली कशाला? आणि तो धक्का रोज पहाटे कोण खाणार? २४३ घ्या. हलकी गोळी घातली की गोफर-कायोटीला, जड गोळी घातली की हरणाला. दोनशेवर नेम बांधला तर तीनशेवर वीतभर खाली, एवढंच लक्षात ठेवायचं. घ्या ती २४३ आणि सोडवा मला एकदाची! माझी सहा कोकरं गेलीत!

पाद्रीबुवांच्या हातातला केक तसाच. मला वाटलं, आता हसतील. कुणी हसलं नाही. भावोजी बुटांकडे बघत होते.

"ठरलं," आर्विड म्हणाला. शांतपणे. डेल्मारनं खिशातून पेन्सिल काढून काहीतरी लिहून घेतलं, आकडा आर्विडनं कानात सांगितला.

म्हणजे सहा आठवडे हे घोडं अडलं होतं ते माझ्या ओरडण्यावाचून? हे माहीत असतं तर मार्चमध्येच ओरडले असते.

२८ एप्रिल, गुरुवार

रायफल अजून नाही. डेल्मारला फोन केला, तर म्हणतो खांद्याला टेकतो त्या दस्त्याचं काम चाललंय. दस्ता काय करायचाय, नवीन आहे ना? "थोडं लाकूड काढायचंय, डेला." आणि फोन ठेवला.

पुरुषांची कामं! कोकरं सात.

३० एप्रिल, शनिवार

आर्विडनं कॉफी कपाबाहेर ओतली. माझ्या नवीन टेबलक्लॉथवर. म्हटलं, लक्ष कुठे आहे तुझं? "तुझ्याकडे," म्हणाला. आणि बघत होता चुलीकडे!

३ मे, मंगळवार

पाऊस नाही. गवत नाही. रायफल नाही.

८ मे, रविवार. मदर्स डे

आज नीट लिहायचंय. हात थांबतोय पण लिहायचंय.

ग्रेताचा फोन आला सकाळी, फुलं पाठवते म्हणाली. चर्चमध्ये सगळ्या आयांना कार्नेशनचं एकेक फूल दिलं. घरी आलो, आणि मागोमाग डेल्मारची गाडी. लांबडं खोकं. मला वाटलं, व्वा — सगळ्या बायकांना आज फुलं, आणि माझ्या नवऱ्यानं आजच्या दिवशी स्वतःसाठी रायफल आणली. डेल्मार टेबलावर खोकं ठेवून कॉफीलासुद्धा थांबला नाही. तेव्हाच कळायला हवं होतं. डेल्मार कॉफी सोडत नाही.

"उचल," आर्विड म्हणाला.

उचलली. चिडून उचलली खरं तर. खांद्याला लावली, आणि गाल जिथे टेकायला हवा तिथे टेकला. बोट जिथे पोचायला हवं तिथे पोचलं. दुर्बिणीत डोळा आपोआप बसला. भावोजींच्या कुरणात प्रत्येक रायफल माझ्या काखेत अडकत होती, ही अडकली नाही. माझ्या जुन्या कोटासारखी.

म्हटलं, "तूही लावून बघ." त्यानं लावली. त्याचा अंगठा नाकावर आपटला, कोपर कुठल्या कुठे. माझं डोकंच फिरलं. "काय केलं त्या डेल्मारनं! फार कापला दस्ता. दीड इंच तरी जास्त कापलाय. आत्ता फोन करते—"

"बरोबर कापलाय," आर्विड म्हणाला. "मीच दिलं माप."

मला कळेना. मग कळलं. पीठ. कोपर. टेप.

"फाटकाची कडी," मी म्हटलं. एवढंच सुचलं.

"तीपण बसवतो," म्हणाला. मग बसला. टोपी काढली. आणि इतक्या वर्षांत जेवढं एका दमात बोलला नव्हता तेवढं बोलला. फेब्रुवारीच्या शेवटी पिकअपचा पार्ट आणायला म्हणून बिलिंग्ज शहरात गेला होता, तो पार्ट आणायला नव्हता गेला. भावोजींनी नेलं होतं, डोळ्यांच्या डॉक्टरकडे. डोळ्यांचा मधला भाग गेलाय. दोन्ही. कडेनं दिसतं — चालता येतं, मेंढ्या दिसतात, कुंपण दिसतं. पण ज्याच्याकडे बघायचं तेच दिसत नाही. त्या जागी करडा डाग. चष्म्यानं सुधारत नाही. वाढणार म्हणाले.

"तुझ्याकडे बघितलं की तुझा चेहरा नसतो," म्हणाला. "चुलीकडे बघितलं की थोडी दिसतेस."

मी उभीच. रायफल हातात.

"आणि जुनी विकलीस ती?"

"घरात असती तर उचलली असती मी."

"डॉक्टरकडे जावंसं अचानक का वाटलं?"

टोपीची कड चाचपली. "शंका आली," म्हणाला.

ती सहीसुद्धा लोकरीच्या कागदावर नव्हती. शरदातल्या हरणाचा परवाना आहे, माझ्या नावाचा.

लिहितेय आणि रागच येतोय. रडू यायला हवं ना? राग येतोय. दोन महिने मी या माणसाला वाटाण्यांवरून बोलले, कॉफीवरून बोलले, ऊन पाठीवर आहे म्हणून टोमणे मारले, आणि त्यानं एकदाही सांगितलं नाही. रोज सकाळी तक्ते वाचून घेतले. माझ्याकडून पाठ करून घेतलं सगळं. रायफल तू घेशील का असं विचारलं असतं सरळ, तर मी नाही म्हटलं असतं. हो. म्हटलंच असतं. तरीसुद्धा सांगायला हवं होतं.

कार्नेशन पाण्यात ठेवायचं राहिलं.

९ मे, सोमवार

बोलत नाहीये त्याच्याशी.

दुपारी भावोजींकडे गेले. ते शेडमध्ये. म्हटलं, "तुम्हाला माहीत होतं."

"हो, वहिनी."

"डेल्मारला?"

"हो."

"पाद्रीबुवांना?"

मान हलवली. म्हणजे अख्ख्या तळघराला माहीत होतं. किटली घेऊन फिरणारी मी सोडून!

"मग दर रविवारी तो काय तमाशा चालला होता?"

भावोजींनी दाढी खाजवली. त्यांना हे बोलणं किती जड जात होतं ते दिसत होतं, पण मी दया केली नाही. "वहिनी, तो म्हणाला तिला सांगू नका, तिला रायफल आवडली पाहिजे आधी. आता त्याच्यासमोर दुसरं काय बोलणार आम्ही? डोळ्यांबद्दल बोलता येतं का? मग कॅलिबरबद्दल बोललो." वर म्हणाले, "मला अजूनही २२-२५० च बरी वाटते."

मी हसले. मग तिथेच, गवताच्या गाठोड्यावर बसून, रडले. भावोजी माझ्याकडे पाठ करून खराटा मारत राहिले. स्वच्छ जागाच झाडत होते.

१० मे, मंगळवार

कोकरं नऊ. आता पुरे. संध्याकाळी मीच म्हटलं, "उद्या पहाटे उठव."

"हं," म्हणाला. आणि चुलीकडे बघून हसला. म्हणजे माझ्याकडे.

११ मे, बुधवार

टेकाडावर दोघं आडवे. दव. माझी कंबर म्हणजे नुसती कटकट. ती आली — फिकट मादी. एकशे ऐंशी यार्ड असेल. श्वास सोडायच्या आधीच चाप ओढला. ओढला, दाबला नाही. धूळ उडाली तिच्या मागे.

"कुठे लागली?"

"मातीला."

त्यानं गवतातून रिकामं काडतूस चाचपून उचललं. ओरडला असता तर बरं वाटलं असतं.

१३ मे, शुक्रवार

पडली. ओढ्याच्या वळणावर, दोनशेला जरा कमी. एकच गोळी. जागच्या जागी. मला वाटलं होतं, आनंद होईल. झाला, आणि वाईटही वाटलं. आचळं लोंबत होती तिची. तीही कुणाचं तरी पोट भरत होती.

आर्विडनं सगळं विचारलं. कशी आली, कुठे थांबली, मान कुठे वळवली, वारा गवताला कुठे झुकवत होता. सगळं सांगितलं, अगदी बारीकसारीक. तो डोळे मिटून ऐकत होता. खाली आलो तर म्हणतो, खालच्या फाटकातून चल. कडी बसवली होती! माझ्या हाताच्या उंचीला. जरा वाकडीच.

१४ मे, शनिवार

रात्रीत कोकरू गेलं नाही. पण नर फिरतोय अजून, सकाळी ठसे होते. उद्या पुन्हा.

१५ मे, रविवार

चर्च चुकवलं. टेकाडावर. नुकतं उजाडलेलं, प्रकाश करडाच. खाली कोकरांपासून दहा पावलांवर, सेजच्या झुडपांत, काहीतरी मळकट-फिकट. मान खाली, दबकत चाललेलं. दीडशे यार्ड. दुर्बिणीतली फुली त्याच्या खांद्यावर बसली. श्वास सोडला. बोट चापावर.

"दोन्ही कान मोज," आर्विड माझ्या कानाशी म्हणाला. त्याला काहीच दिसत नव्हतं. "आधी कान मोज, डेला."

मोजले. एक. आणि अर्धा.

बोट काढलं. रायफल गवतावर ठेवली. "फ्लोरा आहे," मी म्हटलं.

त्यानं टोपी काढली. मग म्हणाला, "तार नव्हती ती. फेब्रुवारीत मी मोजले नव्हते."